कल्लप्पाचा ठोका

पैज लागली ती चहाच्या दुसऱ्या कपावर, आणि लावणाऱ्या दोघांनाही वाटलं की आपल्यासारखे शहाणे आख्ख्या सोलापुरात नाहीत.

सकाळचे आठ वाजले होते. यंत्रमागाच्या कारखान्यांना चिकटून असलेल्या त्या बोळात मागांची खटाखट सुरू झाली होती. गुरुबसप्पा आपल्या स्पीकरच्या दुकानापुढं खुर्ची टाकून मिशीला पीळ देत बसला होता. वय पन्नास. धंदा लग्नाबारशाला स्पीकर भाड्यानं द्यायचा, आणि खरा उद्योग लोकांची फजिती करायचा. मिशी अशी, की दोन्ही टोकं कानाच्या पाळीला जाऊन टेकायची. गड्ड्याच्या जत्रेत लोक पाळणे सोडून त्या मिशीसंगं फोटो काढायचे. बायको म्हणायची, "मला नवरा दिला न्हाई आईबापानं, मिशी दिली. खाली एक मानूस लटकतोय."

समोर मुक्ताबाईच्या चहाच्या गाड्यावर रिक्षावाला शेखलाल बशीत फुंकर मारत होता. तेवढ्यात शेजारच्या दारातून कल्लप्पाची पोरगी बाहेर पडली. निवेदिता. पाठीला नवी बॅग, डोळ्याला चष्मा, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. इंजिनिअरिंगचा पहिला दिवस. मेकॅनिकलला लागली होती. बोळातली पहिलीच.

"काय ग निवी, आज काय शिकीवनार?" गुरुबसप्पानं हाक मारली.

"पंधरा दिवस काय शिकवत न्हाईत काका, इंडक्शन हाय. इंजिनिअरिंग म्हंजे काय, शाखा कुठल्या, पुढं नोकऱ्या कसल्या मिळत्यात, ते सगळं सांगनार."

"पंधरा दिवस नुस्तं सांगनार? आमच्या लग्नात भटजीनं दोन तासात उरकलं!"

निवेदिता हसली आणि गेली. मागून तिचा बाप आला. कल्लप्पा कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बंद पडलेला माग चालू करणारा मिस्त्री. हातात कायम एक हातोडी. त्याची ख्याती अशी की अडलेल्या मागाभोवती तो एक चक्कर मारायचा, कुठंतरी कान लावायचा आणि खाड्कन एक ठोका द्यायचा. माग चालू. मालक खूश, विणकर खूश.

घरातही त्याचं औषध तेच. तिथं हातोडीच्या जागी मागाचा जुना चामडी पट्टा होता, दाराच्या मागं खिळ्याला लटकवलेला. निवेदिता पहिलीत असताना पाढा चुकली, तेव्हापासून तो पट्टा कामाला. बारावीचा निकाल लागला तेव्हा कल्लप्पानं बोळभर पेढे वाटले आणि छाती काढून सांगितलं, "मशीन असू दे न्हाईतर पोर. ठोका बसल्याबिगर चालत न्हाई." पेढा तोंडात असल्यानं सगळ्यांनी माना डोलावल्या.

कोण कशाला बोलंल? जिथं अठरावं सरलं की पोरीला बघायला पाहुणे येतात, तिथं हा बाप पोरीला इंजिनिअर करायला निघाला होता. मारतोय, पण शिकवतोय की! या एका 'पण'च्या आड आख्खा बोळ बारा वर्षं सुखानं झोपला होता. पट्ट्याचा आवाज यायला लागला की लोक टीव्ही मोठा करायचे, बस.

कल्लप्पा दिसेनासा झाला तसा गुरुबसप्पा म्हणाला, "संपलं बग. पोरगी कॉलेजात गेली. आता काय कल्लप्पाचा हात उटत न्हाई."

शेखलाल हसला. "गुरूभाई, आदत है वो. उटेगा. पंधरा दिन के अंदर उटेगा."

"न्हाई उटत."

"लगाव शर्त!"

असल्या शब्दाला गुरुबसप्पा म्हणजे गुळाला मुंगळा. दोघांनी हातावर हात मारला. इंडक्शनच्या पंधरा दिवसात कल्लप्पानं पोरीला हात लावला नाही, तर शेखलालनं गुरुबसप्पाला रिक्षात बसवून, रिक्षाला दोर बांधून, भर दुपारी नवी पेठेतून ओढत न्यायचं. आणि हात लावला, तर गुरुबसप्पाची अर्धी मिशी, नवी पेठेतच, भर दुपारी, सगळ्यांसमोर भादरायची.

मुक्ताबाईनं पातेलं आपटलं. "पोरीच्या पाठीवर पैज लावता व्हय रे, मुडद्यांनो?"

"मौशी, आपुन तिच्या बाजूनंच हाय की!" गुरुबसप्पा म्हणाला.

आणि खरंच, त्याला तसं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मिशीवर पहिलं संकट आलं. कल्लप्पाच्या घरातून आवाज चढला.

"तीन दिवस झाले, एक वही भरली न्हाई? काय करायलीस तितं?"

"आप्पा, आज मॅडमनी बंद पडलेला मिक्सर दिला हुता. उघडून का बंद पडला ते लिव्हायचं हुतं."

"मग केलास चालू?"

"चालू करायचा नव्हता. का मोडला, तेवडंच—"

"चालू करायचा न्हाई? मग इंजिनिअरिंग कशाची, झाडू मारायची?"

खिळ्यावरून पट्टा निघाल्याचा आवाज गुरुबसप्पाला भिंतीतून ऐकू आला. त्याचा हात आपोआप मिशीकडं गेला. पुढच्या क्षणी तो दुकानात होता आणि माईक तोंडाशी होता.

"नळाला पाणी आलंय! पळा! नळाला पाणी आलंय!"

सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, हे पोटातल्या पोरालाही ठाऊक असतं. पाणी कालच येऊन गेलं होतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. तरीपण पाण्याच्या बाबतीत कोण धोका पत्करणार? क्षणात बोळ घागरी, बादल्या, कळश्यांनी भरून गेला. एकजण साबण लावलेल्या अंगानं पंचा सावरत आला. कल्लप्पाही पट्टा टाकून दोन हंडे घेऊन पळाला. नळ कोरडा ठणठणीत. मग आख्ख्या बोळानं गुरुबसप्पाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि तो मिशीआडून गालात हसत राहिला.

त्यानंतर हे रोजचंच झालं. एकदा त्यानं कारखान्याच्या मॅनेजरचा आवाज काढून कल्लप्पाला फोन केला, "बारा नंबरचा माग धूर सोडायलाय." एकदा बिघडलेला अँप्लिफायर घेऊन ऐन वेळेला त्याच्या दारात जाऊन बसला, "बग की जरा, तुज्याबिगर कोन हाय." एकदा तर स्वतःच्या पोटात कळ आल्याचं सोंग करून त्याच्याच उंबऱ्यावर गडाबडा लोळला. कल्लप्पानं त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं. वाटेत मायेनं विचारत होता, "लई दुखायलंय का रं? दम धर."

गुरुबसप्पाला तेव्हा पहिल्यांदा चमत्कारिक वाटलं. हाच तो हात. आता आपल्याला किती जपून धरलंय.

पण मिशी सलामत होती. मुक्ताबाईच्या गाड्यावर तो बोटं मोजायचा. सात झाले, आठ राहिले. शेखलालला म्हणायचा, "दोर चांगला घे बरं का, तुटनारा नको."

नवव्या दिवशी अँप्लिफायर परत आणायला म्हणून तो कल्लप्पाच्या दारापाशी गेला. दार अर्धं उघडं होतं. कल्लप्पा आतून ओरडत होता, निवेदिता कॉटवर बसली होती, आई मल्लव्वा चुलीपाशी अंग चोरून उभी होती. कल्लप्पाचा हात दारामागच्या खिळ्याकडं गेला. तेवढ्यात निवेदितानं काय केलं, तर चष्मा काढला. काड्या दुमडल्या. शेजारच्या फळीवर एक स्टीलचा डबा होता, त्यात फडकं घातलेलं होतं. चष्मा त्या फडक्यात ठेवला, झाकण लावलं, आणि परत येऊन बसली. रडणं नाही, विनवणी नाही. रोज दात घासावेत तसं.

गुरुबसप्पाला नेहमीची एकही थाप सुचेना. शेवटी त्यानं दाराला लाथ घातली आणि काहीच्या काही बोलला, "कल्लप्पा, माजी म्हैस सुटली!"

त्याच्याकडं म्हैस नव्हती. कल्लप्पा गोंधळून बघत राहिला आणि तेवढ्या गोंधळात वेळ निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना निवेदिता दुकानाशी थांबली. तिनं मान वळवून उजवा कान त्याच्याकडं केला होता.

"काका, एक इचारू? तुमी मला वाचवायलाव का मिशीला?"

गुरुबसप्पानं मुक्ताबाईकडं पाहिलं. मुक्ताबाई कप विसळत राहिली.

"कोन सांगितलं तुला?"

"शेखलालचाचांनी. रिक्षात. त्येंनी माफी बी मागितली." तिनं बॅग सावरली. "मला राग न्हाई आला. दहा दिवस मार न्हाई बसला, कशापायी का असंना. पर पंधरा दिवस झाल्यावर काय?"

गुरुबसप्पानं विषय बदलला, "असं कान पुढं करून का बोलायलीस?"

"डाव्या कानात शिट्टी वाजत्या सारखी. दिवाळीपास्नं. कुनाला सांगू नका." जरा थांबून ती एकदम खुलली. "काका, मला काय व्हायचंय म्हाईत हाय? झीनत मॅडम सांगत हुत्या, कंपन्यांत अशी मानसं असत्यात. मशीन मोडलं की मोडलेला तुकडा घेऊन बसत्यात आनि त्या तुकड्याकडनं वदवून घेत्यात, तू का मोडलास. पुलाचा असू दे, इमानाचा असू दे. साखर कारखान्यात, मिलमध्ये, सगळीकडं लागत्यात. मला ते व्हायचंय."

"मोडक्या वस्तूंचा पोलीस म्हन की!"

"व्हय!" ती खदाखदा हसली आणि रिक्षात बसली.

पंधरावा दिवस इंडक्शनचा शेवटचा, पालकांचा. कॉलेजच्या सभागृहात स्पीकर लावायचं काम गुरुबसप्पालाच मिळालं होतं. त्याला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आज संध्याकाळी पाच वाजले की पैज जिंकली. आणि दोनशे लोकांसमोर कोण बाप हात उचलणार? त्यानं मिशीला तेल लावलं होतं.

कल्लप्पा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता, शेजारी मल्लव्वा नव्या इरकली लुगड्यात. शेखलाल सवारी घेऊन आला होता, तोही मागं उभा राहिला.

झीनत मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. मेकॅनिकलच्या प्राध्यापिका, पंचेचाळिशीच्या, सोलापुरातच वाढलेल्या. पालकांना त्यांनी सगळं सोपं करून सांगितलं. सिव्हिल म्हणजे काय, कॉम्प्युटर म्हणजे काय, मेकॅनिकल म्हणजे नुसता पाना आणि ग्रीस नव्हे. नोकरीसाठी पुणं गाठलंच पाहिजे असं नाही. टॉवेलच्या मागापासून उसाच्या चरकापर्यंत इथंच किती यंत्रं चांगल्या इंजिनिअरची वाट बघत खोळंबलीत. मग म्हणाल्या, "आपल्यात एक पालक आहेत, त्यांचा यंत्रांचा अनुभव माझ्या पुस्तकांपेक्षा मोठा आहे. निवेदिताचे वडील. या ना वर."

कल्लप्पा लाजत, पण ऐटीत वर गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातात माईक आला होता.

"आमी काय शिकलेलो न्हाई," तो म्हणाला. "तीस वर्षं माग दुरुस्त करतोय. एक सांगतो. मशीन लाडानं चालत न्हाई. जिथं अडलंय तिथं एक ठोका. बास. चालू!"

टाळ्या पडल्या. तो पायऱ्या उतरून पहिल्या रांगेत आला आणि डोळे पुसत बसला. गुरुबसप्पालाही भरून आलं.

मग प्रत्येक शाखेच्या एका विद्यार्थ्यानं पंधरा दिवसांचं काम दाखवायचं होतं. मेकॅनिकलकडून निवेदिता आली. तिनं टेबलावर हातभर लांबीचा मोडका पोलादी दांडा ठेवला. कल्लप्पानं ओळखला. त्याच्याच मागाचा. "घरातून मोडकी वस्तू आणा" सांगितल्यावर त्यानंच हौसेनं दिला होता.

"हा दांडा सहा म्हैन्यामागं मोडला," निवेदिता माईकवर बोलायला लागली. "सगळ्यांना वाटलं, अचानक मोडला. पर मोडलेली जागा बगा. हितला भाग काळा पडलाय, गंजलाय. म्हंजे चीर लई जुनी हाय. आनि हा एवडाच कोपरा चमकतोय, तेवडाच त्या दिवशी तुटला. बाकीचा दांडा कवाच तुटलेला हुता, फकस्त दिसत नव्हतं. बाहेरनं माग चालायचा." तिनं दांड्याच्या अंगावर बोट ठेवलं. "हितं बारीक खड्डे हायत. हातोडीचे. दर बारीला माग अडला की याच जागी ठोका बसायचा. ठोक्यानं माग चालू व्हायचा, आनि आतली चीर जराशी वाडायची."

झीनत मॅडमचे डोळे लकाकले. पोरीनं पहिल्याच पंधरवड्यात जे पकडलं होतं, ते पकडायला काहींना चार वर्षं पुरत नाहीत.

आणि नेमका मागून कुणीतरी वात्रट पोरगा ओरडला, "म्हंजे बापानंच मोडला की!"

सभागृह हसलं. दोनशे माणसं एकदम. वाईट कुणाच्या मनात नव्हतं. गुरुबसप्पाही हसला, अगदी मनापासून, कारण असला शेरा त्यालाच सुचायला हवा होता.

कल्लप्पा उठला. सावकाश पायऱ्या चढून वर गेला. लोकांना वाटलं, पोरीची पाठ थोपटणार.

निवेदितानं त्याला येताना पाहिलं आणि तिचा हात चष्म्याकडं गेला. पण एका हातात माईक होता. चष्मा निघायच्या आधीच डाव्या कानावर थप्पड बसली.

माईक चालू होता. तो आवाज गुरुबसप्पाच्या चारही स्पीकरमधून सभागृहभर फुटला, फटाक्यासारखा. चष्मा उडून पडला. "बापाची अब्रू काडतीस? माजंच खाऊन, मलाच?" कल्लप्पानं वेणी हाताला गुंडाळली आणि तिचं डोकं टेबलावर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा. ती खाली कोसळताना माईक तिच्यासंगं खाली गेला आणि तिचा श्वास, तिचं "आप्पा, आप्पा" सगळं मोठं होऊन ऐकू यायला लागलं. कल्लप्पानं टेबलावरचा दांडा उचलला. तिनं हात वर केला. दांडा मनगटावर बसला आणि हाड मोडलं, ते शेवटच्या रांगेलासुद्धा कळलं.

दोनशे माणसं बसून होती. एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "बाप हाय तिचा. घरचं प्रकरण हाय."

आणि गुरुबसप्पा? तो आवाजाच्या यंत्रापाशी उभा होता. त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा: गेली मिशी. दुसरा विचार आला नाही, हातच हलला. स्पीकर फाटतोय असं वाटलं की वीस वर्षांच्या सवयीनं जे करायचा तेच त्यानं केलं. बटण फिरवून आवाज कमी केला.

पोरीचं कण्हणं बारीक झालं. मार तेवढाच राहिला.

"बेडा! बेडा री!" मल्लव्वा धावली. नको, नको म्हणत ती लेकीवर पालथी पडली. पुढचा दांडा तिच्या खांद्यावर बसला. तिसरा बसला नाही, कारण मागून शेखलालनं कल्लप्पाला कवेत घट्ट धरलं होतं आणि झीनत मॅडमनी दांडा दोन्ही हातांनी धरला होता. "छोड! छोड बोल्तूं!" शेखलाल ओरडत होता. कल्लप्पाच्या तोंडाला फेस आला होता, आणि निवेदिताच्या डाव्या कानातून रक्ताची बारीक धार निघून गळ्यातल्या ओळखपत्रावर उतरत होती.

दवाखान्यात डॉक्टरनी सांगितलं, मनगट जुळेल. कानाचा पडदा मात्र आधीच दोन ठिकाणी फाटून जुळलेला होता. आता आतलंच दुखावलंय. त्या कानानं पुन्हा नीट ऐकू येईल याची खात्री नाही.

आधीच दोन ठिकाणी. गुरुबसप्पा दाराबाहेरच्या बाकावर बसून ते ऐकत होता.

बोळातली माणसं आली. बनाबाई कॉटपाशी बसून निवेदिताचे पाय दाबत म्हणाली, "बाप हाय ग बाई. रागाच्या भरात झालं. तुज्यापायीच राबतोय की. पोलिसाला सांग, पायऱ्यांवरनं पडले." दुसऱ्यानं म्हटलं, "इंजिनिअर व्हायचंय न्हवं? बाप आत गेला तर कोन शिकीवनार?" कल्लप्पा स्वतः दाराशी आला, मान खाली, हातात चष्म्याचे तुकडे. "निवे, चल घरला," एवढंच म्हणाला. त्याच्या डोळ्याला खरोखरीचं पाणी होतं.

जबाब घ्यायला आलेल्या हवालदारानं वही उघडली. सवयीनं विचारलं, "पडलीस का ग बाळ?"

हे उत्तर बोळानं बारा वर्षं तयार करून ठेवलं होतं, तिनं फक्त 'व्हय' म्हणायचं होतं.

निवेदितानं उजवा कान त्याच्याकडं वळवला. "न्हाई. पडले न्हाई. आप्पांनी मारलं. आज मारलं, आनि पैलीपास्नं मारत्यात. लिव्हा."

"अग पोरी—" बनाबाई कळवळली.

"मौशी, चीर दिसल्यावर तोच दांडा परत मागाला लावत न्हाईत. मी त्या घरात जानार न्हाई. कॉलेजात जानार. सोमवारपास्नं वर्ग हाय माजा."

मल्लव्वा भिंतीला टेकून उभी होती, खांदा बांधलेला. आजच्या दिवसापर्यंत ती कधी नवऱ्यासमोर बोलली नव्हती. तिनं हवालदाराच्या वहीकडं बोट दाखवलं. "माजं बी लिव्हा."

झीनत मॅडमनी वसतिगृहात जागा करून दिली, फीमाफीचा अर्ज स्वतः भरून घेतला. मल्लव्वा मुक्ताबाईच्या खोलीत राहायला गेली आणि चहाच्या गाड्यावर उभी राहायला लागली. कल्लप्पावर गुन्हा दाखल झाला. जामिनावर सुटून आला तो खोलीत एकटाच.

शेखलाल चार दिवसांनी गुरुबसप्पाकडं आला. "गुरूभाई, वो शर्त भूल जाव. थू त्या शर्तीवर. मलाबी झोप न्हाई."

"न्हाई," गुरुबसप्पा म्हणाला. "हरलोय. फेडनार. शुक्रवारी, दुपारी बारा. रिक्षा घेऊन ये. रिक्षावर भोंगा बांदू."

शुक्रवारी नवी पेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. साड्यांची दुकानं, सोन्याची दुकानं, गिऱ्हाइकांची रेटारेटी. रिक्षा रस्त्याच्या कडेला थांबली. गुरुबसप्पा खुर्ची टाकून बसला, गळ्याला फडकं बांधलं, बोळातला न्हावी वस्तरा परजत उभा राहिला. ती मिशी ओळखणारे कमी नव्हते. पाच मिनिटांत गर्दीचं कडं पडलं, मोबाईल वर झाले.

"गुरू, काय नवीन सोंग?" कापडदुकानदार हसत ओरडला.

गुरुबसप्पानं माईक तोंडाशी धरला.

"सोंग न्हाई. पैज हरलोय. कशाची, सांगतो. माज्या शेजारच्या पोरीला बाप मारनार का न्हाई, याची पैज."

चारदोन जण हसले. बाकीच्यांना हसावं की नाही ते कळेना.

"पोरगी इंजिनिअरिंगला हाय. बापानं कालेजात, दोनशे लोकांफुडं तिचा कान फोडला. हात मोडला. मी तितं हुतो. स्पीकर माजे हुते. मी काय केलं? पोरगी वरडायली तवा मी आवाज कमी केला. बारा वर्षं आमी बोळात तेच केलं. कुनी टीव्ही मोटा केला, कुनी दार लावून घेतलं. मी जोक केले." त्यानं न्हाव्याला खूण केली. "लाव वस्तरा."

पाण्याचा हात फिरला. वस्तरा डाव्या बाजूनं लागला. वीस वर्षांची मिशी फडक्यावर पडायला लागली.

"अर्धी मिशी घेऊन मी गावभर फिरनार हाय. मांडवात बी जानार. जो इचारंल, काय झालं, त्याला हीच गोष्ट सांगनार. हसायचं त्यानं हसावं. पर मग घरला जाऊन आपल्या पोराकडं जरा बगावं. त्याला कुटल्या कानानं ऐकू येतंय ते."

गर्दी फाटली. कल्लप्पा पुढं आला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. कारखान्यातून कुणीतरी सांगितल्यावर तसाच पळत आला होता. लोक त्याच्याकडं बघायला लागले, एकमेकांना कोपरानं ढोसायला लागले. हाच का तो?

"गुरू," तो दबक्या आवाजात म्हणाला. "बस कर. हात जोडतो. लोक बघायलेत. बस कर."

न्हाव्याचा हात थांबला. गुरुबसप्पानं आपल्या मित्राकडं बघितलं. ज्याच्या पाठीवर बसून तो दवाखान्यात गेला होता त्या माणसाकडं. त्यानं माईक बंद केला आणि नुसत्या तोंडानं बोलला. तरी ते पार कापडदुकानापर्यंत ऐकू गेलं.

"कल्लप्पा, 'बस कर.' हे दोनच शब्द हुते बग. बारा वर्षं माज्या तोंडात हुते, तुज्या दाराफुडं उभा राहून मी म्हैस सुटली म्हटलं, पर ते म्हटलं न्हाई. तवा म्हनायला पायजे हुतं."

त्यानं मान तिरपी करून न्हाव्यापुढं गाल धरला.

"चालू दे रं. अजून कोपऱ्यात ऱ्हायलंय."